मागे फिरवलेला तास

लढाईच्या दिवसांत सरकारनं सगळ्यांची घड्याळं एक तास पुढं करायला लावली होती. आता कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. आमच्या गावात तिला ‘नवी येळ’ म्हणायचे. शाळा, टपाल, मोटार आणि चर्चची उपासना नव्या वेळेवर. मोट, गुरं आणि चूल जुन्या वेळेवर. तीन वर्षं असं चाललं. मग लढाई संपली आणि दिवाळीच्या आधी एका सोमवारी शाळेतल्या मास्तरांनी पोरांना सांगितलं, की सरकारनं तो तास काढून घेतला, आजपासून पुन्हा जुनी वेळ. त्या दिवशी दुपारी मी सासरच्या घड्याळाचे काटे माझ्या हातानं मागं फिरवले. मी तेव्हा सतरा वर्षांची होते.

सासर प्रवरेच्या काठी, कोल्हारपासून पायी तासाभराच्या वाटेवर. माहेर राजूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात. वडील हिरड्याच्या वखारीत पोती उचलायचे. आई गेली तेव्हा मी मराठी तिसरीत होते. धाकटा भाऊ दीड वर्षाचा. त्याला कडेवर घेऊन शाळेत बसता येईना, म्हणून शाळा सुटली ती सुटलीच. पुढं घरात दुसरी आई आली आणि मी जड झाले. पंधराव्या वर्षी पाळकसाहेबांच्या ओळखीनं लग्न जमलं. राजूरहून अकोल्यापर्यंत बैलगाडी, तिथून संगमनेरपर्यंत मोटार, मग कुणाच्या तरी पडवीत मुक्काम, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोटार. खाली उतरले तेव्हा चारी बाजूंना सपाट रान. डोंगर दिसेना, त्यामुळे आपण कुठल्या दिशेनं आलो तेही कळेना. लग्नाला चार महिने होत नाहीत तोवर नवरा फौजेत गेला, मोटारी दुरुस्त करायच्या कारखान्यात. कुठल्या मुलखात, ते पत्रात लिहू देत नसत.

घरात आम्ही तिघं. मामंजी, आत्याबाई आणि मी. मामंजी मिशनच्या शाळेत तीस वर्षं मास्तर होते. काचबिंदूनं डोळे गेले आणि शाळा गेली. आत्याबाई बागायतदारांच्या रानात खुरपायला जायच्या. घर त्यांच्या दोन हातांवर चाललं होतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मला फक्त त्यांचं तोंड ऐकू यायचं.

घड्याळ भिंतीवरचं, लाकडी पेटीचं, खाली पितळी लोलक. मिशनच्या मडमसाहेब मायदेशी परत गेल्या तेव्हा त्यांनी ते मामंजींना दिलं होतं. तबकडीवर किल्लीची दोन भोकं. एका भोकात किल्ली दिली की घड्याळ चालायचं, दुसऱ्यात दिली की ठोके पडायचे. तास होईल तेवढे ठोके. अर्ध्याला काही नाही. डोळे होते तोवर मामंजी दरसाल ते खाली उतरवून, मागचं यंत्र मोकळं करून रॉकेलनं पुसायचे. डोळे गेल्यावर त्यांना दिवस असा राहिलाच नव्हता, ठोके राहिले होते. आत्याबाईंना तबकडी वाचता येत नव्हती, त्याही ठोकेच मोजायच्या. नुसती तबकडी पाहून वेळ सांगणारी घरात मी एकटी, आणि तेही मामंजींनीच शिकवलेलं.

त्यांनी कसं शिकवलं ते सांगते. परात पालथी घालायचे, तिच्यावर बाभळीच्या दोन काड्या, एक लांब, एक आखूड. “मांड, पावणेपाच,” म्हणायचे. मी मांडायची. मग ते बोटानं चाचपून बघायचे. “लहान काटा पाचाच्या जवळ पायजे का चाराच्या? पावणेपाच म्हणजे पाच व्हायला आलेत. सरकीव.” शाळेत ते शुद्ध बोलायचे म्हणे, घरात मात्र गावासारखं. महिन्याभरात मला घड्याळ आलं. मग त्यांनी बायबल हातात दिलं. मी अडखळत वाचायची, आणि कुठं शब्द गाळला तर ते खाटेवरून लगेच म्हणायचे, “मागं ये, मागं ये, एकजण मागं ऱ्हायला.” त्यांना सगळं पाठ होतं. तिसरीत सुटलेली शाळा मला त्या ओसरीवर पुन्हा मिळाली. त्या माणसासाठी काय करू आणि काय नको, असं मला व्हायचं. माझी चूक झाली तीही त्यातूनच.

मामंजींकडे एक काम उरलं होतं, ते म्हणजे चर्चची घंटा. चर्चच्या आवारात लाकडी चौकटीला घंटा टांगलेली, खाली दोर. रविवारी आठला उपासना. सातला पहिली घंटा, आठला दुसरी. पहिली घंटा ऐकून नदीपलीकडच्या वस्त्यांवरची माणसं निघायची. शाळा गेल्यावर पाळकसाहेबांनी ती घंटा मामंजींकडे ठेवली. घरात सात ठोके पडले की ते धोतर सावरून, काठी घेऊन, कुंपणाच्या भिंतीला हात लावत जायचे. कुणी हात धरलेला त्यांना चालत नसे. पंचांमध्ये एक गृहस्थ होते, कालव्यावर कारकून. सगळ्या मंडळीत मनगटावर घड्याळ असलेले ते पहिले. ते दोन वेळा बैठकीत म्हणाले होते, की आंधळ्या माणसाच्या हाती मंडळीची वेळ कशाला? एकदा चुकलं तर सगळे खोळंबतात. मामंजींनी घरी येऊन ते आम्हाला सांगितलं आणि हसले. “म्हनलं, एकदा चुकू द्या, मग घ्या काढून.” आत्याबाई म्हणाल्या, “असं बोलून बसायचं कशाला? आता तो चुकायचीच वाट बघंल.”

आणि माझा जीव कशानं टांगणीला लागला होता तेही सांगायला हवं. त्या उन्हाळ्यात माझ्या हातून कंदिलाची काच फुटली होती. लढाईत काच मिळत नव्हती. कोल्हार पालथं घातलं तरी मिळाली नाही, आणि आम्ही महिनाभर चुलीच्या उजेडात जेवलो. आत्याबाई म्हणाल्या, “आता अजून एक वस्तू मोडलीस ना, तर मोटारीत बसवून देते. जा तुज्या डोंगरात. नवरा आला की बघंल आणायचं का न्हाई ते.” त्या रागात बोलल्या होत्या की खरंच बोलल्या होत्या, मला आजही ठरवता येत नाही. पण मला ते खरं वाटलं. माझ्या डोंगरात मला कुणी घेणार नव्हतं.

तर तो सोमवार. आत्याबाई रानात गेलेल्या. मामंजी शाळेकडं गेले होते, तास नक्की कधीपासून मागं घ्यायचा ते मास्तरांच्या तोंडून ऐकायला. जाताना म्हणाले, “आल्यावर घड्याळाचं बघू.” कसं बघू, ते बोलले नाहीत. तास मागं घ्यायचा तर काट्यांना हात लावायचा नसतो. लोलक थांबवायचा, तासभर गप बसायचं, आणि मग पुन्हा हलवून द्यायचा. घरात दुसरं घड्याळ नाही, तर तो तास मोजायचा कशानं? त्यांनी तेही ठरवून ठेवलं होतं. मंडळीत मुलांकडून पाठ करून घेतात ती प्रश्नोत्तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा म्हटली की बरोबर तास होतो, असा त्यांचा अंदाज होता. हे सगळं मला नंतर कळलं. नवी वेळ आली तेव्हा मी या घरात नव्हते. घड्याळ मागं घ्यायची पाळी त्या घरात कधी आलीच नव्हती.

मला वाटलं, उन्हातून येतील, थकलेले असतील. आपणच करून ठेवलं तर बरं वाटेल. एक वाजून वीस मिनिटं झाली होती. मी पाटावर चढले, काचेचं दार उघडलं आणि मोठा काटा उलटा फिरवायला लागले. बाराजवळ तो अडखळला. मी बोटानं जरासा नेट दिला. आत कट् असा आवाज झाला आणि काटा सैल होऊन पुढं, म्हणजे मागं, सरकला. मी बारा-वीसवर आणून ठेवला. लोलक हलत होता, टिकटिक चालू होती. मी दार लावलं, पाट पुसून जागेवर ठेवला. मग उंबऱ्यात बसून राहिले.

मामंजी आले, पाय धुतले, खाटेवर टेकले. बराच वेळ गेला.

“दोन वाजले न्हाईत अजून?” त्यांनी विचारलं.

तबकडीवर एक वाजून पाच मिनिटं झाली होती.

“वाजले असतील, मामा.”

“ठोके न्हाई पडले.” ते उठले, भिंतीपाशी जाऊन पेटीला कान लावला. “चालतंय की. काटे कुठं हायेत?”

“एक वाजून पाच.”

“जुन्या येळंनं का नव्या?”

मी पुन्हा तबकडीकडं बघितलं.

“मी मास्तरला येळ इचारून घेतली हुती, पोरी. निघालो तवा नव्या येळंनं पावणेदोन. म्हंजे हे जुन्या येळंवर हाय.” मग त्यांनी विचारलं, “कुणी फिरवलं?”

मी म्हटलं, “मी लोलक थांबवला हुता.”

खोटं असं सहज तोंडातून आलं. लोलक थांबवतात हे मला ठाऊक नव्हतं, पण दुसरं काही सुचलं नाही, आणि नेमकं तेच बरोबर उत्तर निघालं. त्यांनी मान हलवली.

संध्याकाळी आत्याबाई आल्यावर आम्ही घड्याळ उतरवून गोधडीवर ठेवलं. मामंजींनी विळीच्या टोकानं तबकडीचे स्क्रू काढायला लावले. मग बोटं आत घातली आणि एकेक वस्तू चाचपत गेले. पेटीच्या तळाशी त्यांना एक तुकडा सापडला, बोटाच्या पेराएवढा, जाड तारेचा. दर तासाला मोठा काटा बारावर आला की यंत्रातली ती तार उचलली जाते आणि ठोके सुटतात. ती मुळाशी मोडली होती. मोडलेलं टोक त्यांनी अंगठ्यावर टेकवून कितीतरी वेळ धरून ठेवलं.

“हिनं काय केलं का ते इचारा आधी,” आत्याबाई म्हणाल्या.

“तिनं काय केलं न्हाई. जुनी तार हाय. झिजली असंल.”

“झिजलेली तार आजच बरी मोडली.”

“तूबी झिजलीस की. कवातरी मोडशीलच.”

“मी मोडले की मंग बसा घंटा बडवीत,” आत्याबाई म्हणाल्या, आणि चुलीकडे गेल्या.

गावात घड्याळजी नव्हता. नगरला पाठवायचं तर पंधरा दिवस, आणि लढाईनंतर सुटे भाग मिळायचे की नाही ते देव जाणे. मामंजी म्हणाले, सोनाराकडं जा, तो बारीक जोडकाम करतो. सोनार मुलीकडे राहुरीला गेला होता. शुक्रवारी परत आला. मधले चार दिवस घरात ठोके पडले नाहीत. मी दिवसातून वीस वेळा वेळ सांगायची, “मामा, साडेदहा,” “मामा, चार वाजले.” ते “व्हय” म्हणायचे. पण रात्री मी झोपायची, ते जागे असायचे. पहाटे उठले की खाटेवर बसलेले दिसायचे, भिंतीकडे तोंड करून.

शुक्रवारी मी तो तुकडा आणि त्याचा मुळाचा भाग फडक्यात बांधून सोनाराकडे नेला. म्हातारा सोनार फडकं सोडून म्हणाला, “हे कुन्या बाईच्या नाकातलं गं?”

“घड्याळातलं हाय, सोनारबाबा. मास्तरांच्या.”

“मास्तरच्या? मंग बस. त्यानं माज्या दोन्ही पोरांस्नी लिवायला शिकवलंय. एक आता माज्याच वहीतल्या चुका काढतो.”

त्यानं दोन्ही टोकं कोळशावर टेकवली, टाकणखार लावला, चांदीचा कणभर डाख ठेवला आणि दिव्याची ज्योत फुंकणीनं त्यावर वळवली. तार लाल झाली. डाख वितळून सांध्यात शिरला. मला वाटलं, झालं. पण सोनारानं ती थंड करून दोन बोटांत धरली, जराशी वाकवून बघितली आणि तोंड वाकडं केलं.

“जोड टिकंल. पर तापवल्यामुळं पोलादाचं पानी उतरलंय. पयल्यासारखी ताठ ऱ्हायची न्हाई, वाकंल. एखाद्या टायमाला खाली नीट पडली न्हाई तर ठोके जास्त सुटतील. मास्तरला माजा निरोप सांग. म्हनावं, आठ दिस ऐकून बघा, मंगच भरवसा ठेवा. ध्यानात ऱ्हाईल?”

“व्हय.”

“काय सांगशील?”

“आठ दिस ऐकून बघा.”

त्यानं मजुरीही घेतली नाही. मी तार घेऊन निघाले. वाटेत मला एकच दिसत होतं. निरोप सांगितला तर मामंजी पुन्हा यंत्र उघडतील, तार पुन्हा बोटांनी चाचपतील, कशी मोडली याचा विचार करतील. आत्याबाई पुन्हा विचारतील. आणि रविवार दोन दिवसांवर होता. ठोके आले की सगळं मिटेल, असं मी मनाशी म्हटलं. घरी जाऊन सांगितलं, “सोनारबाबा म्हनले, जोड पक्का हाय.”

शनिवारी दुपारी आम्ही ती तार बसवली. ते सांगत होते, मी बसवत होते. खाचांचं एक चाक होतं, त्यावर ठोक्यांचा हिशेब. मामंजींनी मला तेव्हा दाखवलं, की ते चाक नुसतं क्रमानं पुढं जातं, तीनानंतर चार, चारानंतर पाच. काटे कुठं आहेत ते त्याला कळत नाही. म्हणून बसवल्यावर तार हातानं उचलून उचलून ठोके काट्यांशी जुळवून घ्यावे लागले. घर ठोक्यांनी भरून गेलं. शेजारची पोरं धावत आली. तीन वाजता घड्याळानं आपणहून तीन ठोके दिले. चारला चार. पाचला मामंजी ओसरीवर उभे राहून बोटं मोजत होते, आणि पाचवा ठोका पडल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आत्याबाई म्हणाल्या, “डोंगरातली असली तरी हाताला बरी हाय.” दोन वर्षांत त्यांनी मला बरं म्हटलेलं ते पहिलंच.

त्या रात्री मामंजी पाच रात्रींची झोप एकदम झोपले. त्यामुळं मधे कधीतरी काय झालं ते कुणालाच ऐकू आलं नाही. तार वाकली असणार, एका जागी दोन तासांचे ठोके सलग सुटले असणार. सकाळी काटे बरोबर होते, आणि ठोके एका तासानं पुढं गेले होते.

मी पहाटे नदीवर पाण्याला गेले होते. पूर्वेला नुसतं तांबडं फुटलं होतं. एक हंडा भरला, दुसरा बुडवला, आणि घंटा वाजली.

मला आधी काहीच वाटलं नाही. तीन वर्षं पहिली घंटा अशाच अंधुक उजेडात वाजत आली होती. नव्या वेळेचे सात म्हणजे जुन्या वेळेचे सहाच. मामंजींनाही म्हणूनच संशय आला नाही. सात ठोके ऐकून ते बाहेर आले, अंगाला तसाच गारवा लागला, तशीच पाखरं ओरडत होती. तीन वर्षं त्यांचा ‘सात’ असाच होता. मग माझ्या ध्यानात आलं, की आता जुनी वेळ आहे, सातला ऊन पडायला हवं. हंडा तिथंच टाकून मी धावले. घरात आत्याबाई चुलीपुढं होत्या. म्हणाल्या, “गेले ते मघाच. सात पडले की.” मी तबकडी बघितली. सहा वाजून दहा मिनिटं.

चर्चच्या आवारात माणसं जमायला लागली होती. जवळच्या घरांतले आधी, मग नदीअलीकडच्या वस्त्यांवरचे, कडेवर पोरं, कुणाच्या हातात चपला. चर्चला कुलूप. पाळकसाहेब अंगावर उपरणं ओढत बाहेर आले. मामंजी चौकटीपाशी उभे होते, एक हात दोरावर. कालव्यावरचे ते गृहस्थ मनगट वर करून सगळ्यांना दाखवत होते.

“बघा, बघा. सव्वासहा. मास्तर, लढाई संपली! तुमच्या घड्याळाला कुणी तार केली न्हाई वाटतं?”

लोक हसले. कुणीतरी मागून म्हणालं, “मास्तर अजून नव्याच येळंवर हायेत.” एक म्हातारी म्हणाली, “मी नातवाला दूध न पाजता पळत आले की हो.” पाळकसाहेबांनी हळूच विचारलं, “मास्तर, तास मागं घ्यायचा राहिला का?”

मी दहा हातांवर उभी होते. धापा टाकत होते. मामंजींनी आवाजाकडे तोंड वळवलं. मी आले हे त्यांना कळलं होतं, त्यांना माझी पावलं ओळखू यायची. चूक त्यांची नव्हती, आणि ते एका वाक्यात सांगता आलं असतं. घड्याळ मोडलं होतं, जोडलं होतं, ठोके चुकले. मग कुणीतरी विचारलं असतं, मोडलं कसं?

“व्हय,” मामंजी म्हणाले. “माज्या ध्यानातनं गेलं.”

“मी काय म्हनत हुतो?” ते गृहस्थ पंचांकडे वळले.

मामंजींनी दोर सोडला.

पुढच्या बैठकीनंतर पाळकसाहेब घरी आले. चांगल्या शब्दांत बोलले. वय झालं, आता विश्रांती घ्या, मंडळी तुमची ऋणी आहे. मामंजी खाटेवर ताठ बसून ऐकत होते, विद्यार्थी ऐकतो तसे. घंटा कालव्यावरच्या गृहस्थांकडे गेली. पाळकसाहेब गेल्यावर मामंजींनी मला हाक मारली.

“उद्यापासनं एकच किल्ली देत जा. चालायची दे. ठोक्यांची देऊ नगंस.”

“का हो मामा?”

“नको.”

त्यानंतर त्यांनी मला कधी वेळ विचारली नाही. मी आपणहून सांगायची, ते ‘व्हय’ही म्हणायचे नाहीत. रविवारी घंटा झाली की मी त्यांचा हात धरून चर्चला न्यायची. आता ते हात धरू द्यायचे. बायबल मात्र ते रोज वाचून घेत. पण मी शब्द गाळला तरी थांबवत नसत. मी मुद्दाम एकदा अख्खी ओळ गाळली. ते गप्प होते.

नाताळ झाल्यावर थंडीनं त्यांची छाती धरली. सकाळी मी त्यांची खाट उन्हात काढायची. आत्याबाई रानात गेलेल्या असायच्या. अशाच एका सकाळी त्यांच्या पायांना तेल लावताना मला राहवलं नाही.

“मामा, घड्याळ मी मोडलं. काटे मी मागं फिरवले.”

“म्हाईत हाय.”

“कवापासनं?”

“तार हातात घेतली तवाच. झिजलेलं टोक गुळगुळीत लागतं. ते खरखरीत हुतं, नवं. आन् लोलक थांबवून तास कशानं मोजलास ते तू सांगितलं न्हाईस. तू तर मला समदं सांगायचीस.” त्यांना खोकला आला. मी पाणी दिलं.

“तिथं का न्हाई बोललात? चर्चपाशी?”

“तुजी आत्याबाई तुला मोटारीत बसवून देनार म्हनलेली. मी ऐकलं हुतं. तिचं काय, ती मंग रडत बसली असती. पर तू गेलेली असतीस. तिथनं तुला कोन परत धाडनार हुतं? राजूर का जवळ हाय?”

मी रडत होते. आणि रडता रडता उरलेलंही सांगून टाकलं. सोनाराचा निरोप. आठ दिवस ऐकून बघा, मगच भरवसा ठेवा.

त्यांचा पाय माझ्या हातात होता, तो आखडला. ती गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. तार मोडली ती न कळून मोडली, पण हे मी जाणून केलं होतं. आणि हे जर त्यांना त्या शनिवारी कळलं असतं, तर ते रविवारी ठोक्यांवर निघाले नसते, मला तबकडी बघायला लावली असती, आणि घंटा अजून त्यांच्याकडे असती. हे सगळं त्यांच्या तोंडावरून जाताना मी पाहिलं. आंधळ्या माणसाला तोंड लपवता येत नाही.

मग म्हणाले, “सोनारानं तुज्याकडनं म्हनून घेतलं असंल. तो तसाच हाय.”

“व्हय.”

“हं.”

“मामा, मी पाळकसाहेबांस्नी जाऊन सांगते. आत्ता जाते. समदं सांगते.”

ते उन्हाकडे तोंड करून पडले होते. मी उठून उभी राहिले होते, हाताला तेल तसंच. जा म्हणाले असते तर मी गेले असते, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले आहे.

“नगं,” ते म्हणाले. “आता ऱ्हाऊ दे. उगं आत्याबाईच्या कानावर जाईल. बस.”

मला हायसं वाटलं. त्या माणसाचं उरलंसुरलं माझ्यामुळं गेलं होतं, ते त्यानं नुकतंच ऐकलं होतं, आणि मला हायसं वाटलं, अंगातला सगळा ताण खाली उतरल्यासारखं. मी पुन्हा खाली बसले आणि दुसऱ्या पायाला तेल लावायला घेतलं. त्यांनी तो पाय थोडा मागं ओढला, मग तसाच राहू दिला.

फेब्रुवारीत ते गेले. नवरा त्यानंतर चार महिन्यांनी परत आला. अंत्यविधीला घंटा वाजली ती कालव्यावरच्या गृहस्थांनी वाजवली. वेळ त्यांच्या मनगटावरून बरोबर होती. आत्याबाई माझ्या खांद्याला धरून चालत होत्या आणि येईल त्याला सांगत होत्या, “या पोरीनं लई केलं त्यांचं. माजी पोरगी असती तरी इतकं केलं नसतं.”